पूर्वेला दहा दिवस

पैठणहून मोसंबी भरून निघालो
तेव्हा उजाडलं नव्हतं.
अप्पा स्टेअरिंगवर, किन्नर खय्यूम मागे पाय पसरून,
आणि माझ्या मांडीवर
ग्लासगोच्या ग्रंथालयातली झेरॉक्स, एकाच पानाची,
घडी पडून मधली ओळ पुसट झालेली.
अप्पांनी केबिनचा दिवा लावला.
"वाच की मोठ्यानं."

वाचलं.
खय्यूम म्हणाला, ताई, हे भांडल्यावानी वाटायलंय.

मग मराठीत सांगितलं.
दोन हजार वर्षांपूर्वी कुणी एक दर्यावर्दी व्यापारी
मालाच्या याद्या करत करत लिहून गेला,
की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर
तगर नावाचं मोठं शहर आहे.
म्हणजे आपलं तेर.

"दहा दिस?" अप्पांनी गिअर टाकला.
"आन् पूर्वेला कसं?
सरळ पूर्वेला गेलं तर परभनी लागती."

पाठ्यपुस्तकातल्या तळटीपा या दोन ओळींवर
पानं दोन पानं भांडतात.
गेवराई यायच्या आत अप्पांनी मिटवलं.

तिकडे वर्गात मी सगळ्यांत उशिरा शिकलेली.
बाकीच्यांच्या शाळेच्या कमानीवरच लॅटिन होतं,
आमच्या कमानीवर देणगीदारांची नावं.
पहिल्या दिवशी विचारलं, हाच विषय का?
आवडतो, म्हणाले.
पांढरीवर शेळ्यांमागे हिंडताना
पायाला टोचलेलं खापर,
त्याचा तुटका कान,
आणि हा रांजण आपल्याकडचा नाही
असं कुणीतरी म्हणालेलं,
हे सगळं इंग्रजीत जुळवेपर्यंत
पाळी पुढच्या मुलाकडे गेली होती.

एकदा सर रोमनांच्या समुद्राबद्दल बोलत होते.
नोस्त्रुम, म्हणाले, अवर.
इंग्रजीत तेवढ्यावर भागतं.
मला विचारायचं होतं: आमचा, की आपला?
कुणी उत्तर दिलं नसतं.
प्रश्नच त्या खोलीत शिरत नव्हता.

व्हिसाच्या वेळी पैसे खात्यात
अठ्ठावीस दिवस हलू द्यायचे नसतात.
आत्याचे, सोसायटीचे, मामांच्या म्हशीचे,
सगळे तिथे गप बसून होते.
गाडीची मागची दोन टायरं गोटा झालेली.
अप्पांनी बदलली नाहीत.
अठ्ठावीस दिवस चाळीसच्या वर काटा नेला नाही,
आणि घरी कुणी विचारलं तर म्हणायचे
इंजन नवं बांधलंय, रमवायलो.

मांजरसुंब्याला चहा.
अप्पा बशीत बघत बराच वेळ गप्प होते.
"त्यो सोता आलता का तेरला?"
बहुतेक नाही. बंदरावर ऐकलं असेल कुणाकडून.
"कुनाकडून म्हंजी? गाडीवानाकडून.
दुसरं कोन सांगनार वाट?"

हिशोब बोटांवर झाला.
बैल दिवसाला दहा कोस,
म्हणजे सातव्या दिवशी तेरच्या वेशीत.
"मंग बरोबर हाय त्याचं. सातचे धा सांगितले.
सात म्हनला असता तर भाडं सातचंच घावलं असतं."
जरा थांबून, खाली बघून:
"मी बी सांगतो कवा कवा."

माझ्या बाईंना हे पटणार नाही.
पुरावा काय, विचारतील.
तरी येडशीच्या घाटात, हिसक्यांनी अक्षर वाकडं होत असताना,
समासात पेनने लिहिलं:
मौखिक माहिती, मन्मथ गुरुलिंग कोरे, ट्रकचालक, तेर.

"काय लिवलीस?"
नाव लिहिलं.
"कुनाचं?"
गाडीवानाचं.

"घावलं व्हय त्याचं?"
म्हणाले अप्पा,
आणि ढोकीच्या वळणावर आडव्या आलेल्या म्हशींना
दोनदा हॉर्न दिला.